गाणं म्हणजे खुंटी नव्हे

आधीच सांगून टाकतो, हे भांडण आहे. घरातलंच आहे, पण घरात ते नीट भांडता आलं नाही (पानं वाढली होती, आणि भरल्या ताटावर वाद घालायचा नाही हा आमच्याकडचा नियम), म्हणून इथे.

झालं असं. आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. भाच्याने जुने फोटो जमवून एक व्हिडिओ केला. फोटो छानच होते. लग्नातला, मिरजेच्या वाड्यातला, आम्ही तिघं भावंडं एका सायकलवर बसलेला. आणि फोटोंच्या खाली गाणं, 'या चिमण्यांनो'. मोजून ३५ सेकंद! पहिला अंतरा सुरू व्हायच्या आत ते विरवलं आणि दुसरं सुरू. मग तिसरं. ४ मिनिटांत ७ गाणी. सगळ्यांचे डोळे पाणावले, मावशीने तर पदरच लावला डोळ्यांना. आणि मी काय बोललो? "अरे, गाणं का कापलंस?"

बस्स. त्यावरून जे काही झालं ते बहुतेक वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच, कारण तुमच्यातले निम्मे तिथे होतात.

भाच्याचं म्हणणं असं : "मामा, गाणं तुला भारी वाटतं ते गाण्यामुळे नाही. तू तेव्हा लहान होतास म्हणून. सगळा नॉस्टॅल्जिया आहे. मग ३५ सेकंद पुरतात की! आठवण आली, काम झालं." त्याच्या पाठीशी शास्त्रही आहे. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या गोष्टी आणि गाणी जास्त ठळक आठवतात, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. मला ते मान्य आहे.

काकांचं म्हणणं दुसरं टोक : "तशी गाणी आता होतच नाहीत. तो काळच वेगळा." यावर चार जणांनी माना डोलावल्या.

दोघं एकमेकांशी तावातावाने भांडले, पण माझ्या मते दोघं एकच बोलत होते. गाण्याचं मोठेपण गाण्यात नाही, असं. भाचा म्हणतो ते ऐकणाऱ्याच्या वयात आहे, काका म्हणतात ते कॅलेंडरात आहे. गाण्यात ते आहे असं कुणीच म्हणेना! ज्याने शब्द लिहिले, ज्याने चाल बांधली, जिने गायलं, त्या तिघांचं श्रेय पंगतीच्या आत दोघांनी वाटून घेतलं.

आधी भाच्याचा हिशेब.

आठवणीने गाणं चांगलं होत असेल, तर माझं सगळ्यात आवडतं गाणं आमच्या गल्लीतल्या बँडवाल्यांचं असायला हवं. दर वरातीत ते एकच गाणं वाजवायचे, एका हिंदी सिनेमातलं. ते ऐकलं की मला अजून बत्तीच्या रॉकेलचा वास येतो, नव्या कापडाची खळ मानेला टोचते, आणि लाजून दाराआड उभी असलेली एक मुलगी दिसते (पुढचं लिहीत नाही, बायको वाचते). आठवण म्हणाल तर अव्वल. आणि गाणं? टुकार. तेव्हाही टुकार होतं, आजही आहे. आठवण ते गाणं पन्नास वर्षं डोक्यावर घेऊन नाचतेय, पण ते तसूभरही सुधारलेलं नाही.

आता उलटं. 'जोगवा' २००९ मध्ये आला. 'जीव रंगला' मी पहिल्यांदा ऐकलं ते रात्रीच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या केबिनमधल्या फुटक्या स्पीकरवर. वय चाळिशी ओलांडलेलं, म्हणजे शास्त्राच्या तिशीच्या कुंपणाबाहेर. कुणी सोबत नव्हतं, मनात काही नव्हतं, पोटात फक्त थांब्यावरचा तेलकट वडा. तरी ताठ बसलो. श्रेया घोषाल आणि हरिहरन ज्या संथपणे ते गाणं उलगडत नेतात, त्यात कुठे घाई म्हणून नाही. पुढे कळलं की त्या सिनेमासाठी दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीताचा अजय-अतुलना. मला त्या गाण्याची आठवण काय? वडा. मग ते इतकं पुरं, इतकं जिथल्या तिथे कसं वाटलं, सांग बरं?

अजून एक. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर ५६ गाणी झाली. दर आठवड्याला नवं गाणं. त्या पहिल्या श्रोत्याला त्या चालींची काय आठवण असणार? रामाची गोष्ट ओळखीची होती, कबूल. पण सुधीर फडक्यांची चाल त्या घडीपर्यंत कुणी ऐकलेली नव्हती. तरी लोक रेडिओला हार घालायचे असं सांगतात. गाणं आधी आलं, आठवणी मागून आल्या. तू बैल गाडीमागे जुंपतोयस, बाळा.

आता काका. काका, तुमच्या त्या सुवर्णकाळात भिकार गाणीही ढिगाने झाली. ती तुम्हाला आठवत नाहीत कारण ती विसरण्याच्याच लायकीची होती. काळाने चाळून दिलेलं पीठ हातात घेऊन "आमच्या वेळी गव्हात खडेच नव्हते" म्हणायचं, हे काही खरं नाही. आजच्या गव्हाला अजून चाळणी लागायची आहे. गुरू ठाकूरांचं 'मन उधाण वाऱ्याचे' २००४ चं. शंकर महादेवनने गायलेलं ते गाणं आज पंचवीस-तिशीची पोरं "आमच्या लहानपणचं" म्हणून ऐकतात, आणि वर "आता तशी होत नाहीत" असंही म्हणतात. तुमचंच वाक्य, काका. प्रत्येक पिढीला ते वापरलेलं मिळतं आणि प्रत्येकीला नवंकोरं वाटतं.

असो. आता मुद्द्याच्या गाण्याकडे.

'या चिमण्यांनो' १९६८ च्या 'जिव्हाळा' सिनेमातलं. गीत ग. दि. माडगूळकर, संगीत श्रीनिवास खळे, गायिका लता मंगेशकर. गोष्ट केवढी? सांज झालीय, आणि एक आई बाहेर गेलेल्या लेकरांना घरी बोलावतेय. एवढंच. कुठला दागिना नाही की अवघड शब्द नाही. आणि खळेकाकांनी काय केलं, तर सांजेच्या गाण्याला सांजेचाच राग दिला, पूरिया धनाश्री. मला रागदारीतलं फार कळत नाही, पण इतकं ठाऊक आहे की कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमाची ती जोडी दिवस-रात्रीच्या सांध्यावरची मानतात. त्या सुरांत एक हुरहूर बसलेली असते. राग नावाने ओळखू न येणाऱ्यालाही अंधारून आल्यासारखं वाटतं. खळ्यांची चाल ऐकताना सोपी वाटते, म्हणायला गेलात की कळतं.

आणि खरी करामत अशी की या गाण्यात बसायला एक जागा नाही. मी लहान होतो तेव्हा त्यातली चिमणी होतो. पुण्याला नोकरीला गेलो तेव्हाही चिमणीच होतो, पण उशीर झालेली. आणि माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, त्या वर्षी एका संध्याकाळी एकदम लक्षात आलं की आपण आता हाक मारणाऱ्याच्या बाजूला उभे आहोत. गाण्यातला एक स्वर हलला नव्हता. मीच जागा बदलत गेलो आणि त्याने प्रत्येक वेळी सरकून जागा दिली. माझ्या मते 'परफेक्ट' गाणं म्हणतात ते हे. आठवण टांगून ठेवायची खुंटी नव्हे. खुंटीवर एकच सदरा मावतो.

इथपर्यंत मी जिंकत होतो. मग आईशी बोललो.

माझी त्या गाण्याची आठवण अशी : वाड्यातली संध्याकाळ, आई देवापाशी दिवा लावतेय, रेडिओवर सांगली केंद्र, हे गाणं लागतं आणि आई रेडिओचा आवाज वाढवते. शुभंकरोति म्हणणाऱ्या मला त्यामुळे थांबता येतं. ही आठवण मी पन्नास वर्षं सांगत आलोय. मुलीला सांगितलीय, मित्रांना सांगितलीय.

समारंभानंतर दोन दिवसांनी आईला म्हटलं, व्हिडिओत तुझं आवडतं गाणं कापलं म्हणून मी बोललो गं. आई लसूण सोलत होती. म्हणाली, "माझं कुठलं आवडतं? आणि रेडिओ आपला नव्हताच. शेजारच्या काकूंचा होता. आपल्याकडे तू आठवीत गेलास तेव्हा आला."

"मग आवाज वाढवायचीस ते?"

"वाढवीन कशाला? काकूंना बारीक करा म्हणून सांगायला जायची मी."

धाकटा मामा वडिलांशी भांडून घरातून निघून गेला होता, हे मला मोघम माहीत होतं. तो सात वर्षं परत आला नाही, पहिली दोन वर्षं कार्डसुद्धा नाही, आणि ती वर्षं नेमकी हीच, हे माहीत नव्हतं. दिवेलागणीला आजी दारात जाऊन बसायची म्हणे. माहेर चार गल्ल्या पलीकडे, आईला ते दिसायचं. आणि शेजारून हे गाणं.

म्हणजे ज्या गाण्यात मला घरी सुखरूप पोचल्यासारखं वाटायचं, त्याच गाण्याने त्याच खोलीत त्याच वेळी माझ्या आईच्या जिवाची कालवाकालव व्हायची. आणि मी पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत होतो की आईने रेडिओचा आवाज वाढवला.

हे ऐकून भाचा म्हणेल, बघ मामा, तुझी आठवणच खोटी निघाली! हो, निघाली. पण मग गाणं पडायला हवं होतं ना तुझ्या हिशेबाने? टेकूच काढून घेतला. त्याच रात्री मी ते पुन्हा ऐकलं, पूर्ण. पडलं नाही. उलट मला त्यात अजून एक जागा दिसली, दारात बसलेल्या आजीची.

मी आईला शेवटी विचारलं, "मग तुला ते गाणं आवडत नाही?"

"चांगलंच आहे की रे," आई म्हणाली. "चांगलं आहे म्हणूनच नको."

या एका वाक्यावर माझा अख्खा लेख ओवाळून टाकतो. दुखणं तिचं, पण गाण्याचा न्याय करताना तिने ते दुखणं मध्ये आणलं नाही. आपण काय करतो? ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. त्या दिवशी मोबाईलवर आलेले निरोप आठवा. "मी हे गाणं कॉलेजात असताना…", "आमच्या लग्नात…", "मी प्रवासात होतो तेव्हा…" सगळीकडे मी, मी, मी. खळे, यशवंत देव, शांताबाई, पाडगांवकर यांची नावं त्यात शोधावी लागत होती. मीही त्यातलाच. मीही त्या दिवशी रेडिओची तीच खोटी आठवण लिहिली होती.

आणि शांता शेळक्यांचं 'तोच चंद्रमा' तरी आपण नीट ऐकलंय का? शीलाभट्टारिकेच्या संस्कृत श्लोकावरून सुचलेलं. सगळं पूर्वीचंच आहे, पण पूर्वीची ती भावना काही केल्या परत येत नाही, हे सांगणारं. जुने दिवस परत येत नाहीत असं जे गाणं स्वतःच सांगतं, तेच लावून आपण जुने दिवस परत आणू बघतो! कमाल आहे की नाही?

रेडिओ बरा होता. निवेदक आधी सांगायचा, गीत अमुक, संगीत तमुक, गायिका अमकी. रोज कानावर पडून पडून नावं पाठ व्हायची. आणि मधेच कापायची सोय ऐकणाऱ्याच्या हातात नव्हती. लागलं की संपेपर्यंत ऐका. म्हणून माझं मागणं साधं आहे. आठवणी काढा, जरूर काढा, मी कोण अडवणारा? पण महिन्यातून एकदा एक आवडतं गाणं फोटोंशिवाय, स्वतःशिवाय, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐका. आणि ऐकवताना ती तीन नावं घ्या. आठवण तुमची आहे, गाणं त्यांचं आहे.

ता. क. : भाचेबुवा, राग नाही हं. व्हिडिओ दुरुस्त करायचा असेल तर आईला विचारलंय कुठलं गाणं हवं ते. मला वाटलं एखादं भावगीत सांगेल, निदान अभंग. ती म्हणाली, "दादा कोंडक्यांचं घाल एखादं. आणि पुरतं घाल."