नवे-जुने आणि नकार

वित्तक्षेत्रात, म्हणजे बँका, पतसंस्था, विमा आणि लेखापरीक्षण यांच्या व्यवसायात, उतरणाऱ्या तरुणांच्या शिक्षणाची चर्चा अभ्यासक्रम आणि पगार यांच्यापलीकडे क्वचितच जाते, याची दखल वहीपूजनाच्या सणात तरी घ्यायला हवी.

या व्यवसायातील आचरणाची परीक्षा मोठे घोटाळे उघडकीस येण्याच्या कितीतरी आधी, मार्चअखेरीस शाखेच्या टेबलावर होत असते. कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला की बँकेला ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे उत्पन्न न देणारे, ठरवून त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. ती टाळण्यासाठी त्याच कर्जदाराला नवे कर्ज मंजूर करून त्यातून जुने खाते भरून घेतले जाते, आणि सहकारी वर्तुळात या प्रकाराला ‘नवे-जुने’ असे घरगुती नाव आहे. कागद पूर्ण असतात, सह्या खऱ्या असतात, कोणाच्या खिशात एक रुपयाही गेलेला नसतो, आणि तरीही ताळेबंद खोटा ठरतो. (पीककर्जाचे रीतसर नूतनीकरण वेगळे, दोहोंची गल्लत बहुधा सोयीसाठीच केली जाते.) अशा प्रस्तावावर सही नाकारणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती नियमांचे ज्ञान असून भागत नाही, कारण तेच नियम सही मागणाऱ्या वरिष्ठालाही पाठ असतात.

ज्ञानापलीकडे काय लागते हे एका उदाहरणावरून दिसते. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले होते, संस्कृताचे व्यासंगी होते आणि त्यांनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केला. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याचे कारण राजकीय होते हे खरे, परंतु खुर्ची सोडण्याची जी तयारी त्यामागे होती ती तालुक्याच्या शाखेतही लागते, आणि ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तपासली जात नाही.

सनदी लेखापालांची आर्टिकलशिप, म्हणजे अनुभवी लेखापालाच्या हाताखालची उमेदवारी, 2023 च्या नव्या योजनेनुसार तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. अशिलाला नाराज करून शेरा कसा लिहावा हे ज्येष्ठाच्या शेजारी बसूनच शिकता येत असल्याने ही कपात संपादक मंडळाला हिताची वाटत नाही.

खोट्या ताळेबंदाची झळ अखेर ठेवीदारालाच बसते, आणि बँकांतील ठेवींना मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण पतसंस्थांतील ठेवींना लागू नाही. तेव्हा वाचकांनी आपापल्या संस्थेच्या वार्षिक सभेत, अल्पोपाहार सुरू होण्यापूर्वी, एवढे विचारावे: मार्चमध्ये वाटलेल्या कर्जांपैकी किती रक्कम जुनी खाती भरण्यात गेली?