पराभूताशी केलेला हिशेब

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे कामी आली होती. सूड घ्यायला निमित्ताची वाण नव्हती. तरीही तहात किल्ल्यातील शिबंदीला शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडण्याची मोकळीक दिली गेली, रहिवाशांना चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची हमी मिळाली. वसईतील ख्रिस्ती वस्त्या आजही नांदत्या आहेत.

जिंकणाऱ्याने हरलेल्याशी हिशेब कसा करावा, हा प्रश्न विसाव्या शतकात जर्मनीच्या निमित्ताने जगापुढे दोनदा उभा राहिला.

१९१४ साली जर्मनीने तटस्थ बेल्जियमवर चाल केली. चार वर्षांच्या संहारानंतर तिचा पराभव झाला आणि २८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे तह झाला. १८७१ मध्ये फ्रान्सचा पराभव करून ज्या दालनात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, नेमक्या त्याच दालनात जर्मनीच्या प्रतिनिधींकडून सह्या घेण्यात आल्या. युद्धाने झालेल्या हानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर ठेवली गेली आणि १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. हप्ते थकताच जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमने कोळसा-पोलादाचा ऱ्हूर प्रदेश ताब्यात घेतला. ऋणकोच्या दुकानातील तराजूच उचलून नेला, तर त्याने धंदा कशावर करावा आणि फेड कोठून करावी? जर्मन सरकारने नोटा छापण्याचा सपाटा लावला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. काटकसरीने जमवलेली आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली.

हिटलरच्या पापाचा भार या तहावर टाकता येत नाही. ते पाप त्याचे आणि त्याला साथ देणाऱ्यांचे. पण १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत बेकार झालेल्या माणसांपुढे त्याने हाच जुना अपमान उगाळला, हेही खरे. १९३३ मध्ये तो सत्तेवर आला, १९३९ मध्ये त्याने पोलंडवर हल्ला केला आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या घडवली. त्या वैराची झळ कोकणालाही लागली. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरच्यांचा माणूस मात्र परत आला नाही.

मे १९४५ मध्ये जर्मनी पुन्हा हरली. या वेळी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात अपराधी नेत्यांवर खटले चालले. अपराधाला माफी नव्हती. देशाच्या कर्जाचा विचार मात्र वेगळा झाला. २७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारान्वये धनको देशांनी पश्चिम जर्मनीचे जुने कर्ज जवळजवळ निम्मे सोडले आणि उरलेले हप्ते तिला निर्यातीच्या कमाईतून झेपतील असे बेतले. धनकोंनी उदार होण्यामागे त्यांचा स्वार्थही होता, कारण सोव्हिएत रशियासमोर त्यांना सबळ शेजारी हवा होता. पण फळ गोड निघाले. धंदा टिकला म्हणून देणे फिटले. पहिल्या महायुद्धानंतरच्या कर्जरोख्यांच्या थकीत व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला. एकमेकांचे हाडवैरी असलेले फ्रान्स आणि जर्मनी आज एकच चलन वापरतात.

संवत्सरीला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या घरांना यातला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आलोचना आणि प्रायश्चित्त यांवाचून केलेली क्षमा पोकळ असते; न्यूरेंबर्गची आवश्यकता होतीच. मात्र दोष दूर करणे वेगळे आणि दोषी माणसाला पुन्हा उभाच राहू न देणे वेगळे. पेढीवर एखादा थकबाकीदार मान खाली घालून आला, की धनकोच्या हातात हे दोन्ही मार्ग असतात. एका मार्गाने कदाचित रक्कम वसूल होते आणि वैर पुढच्या पिढीच्या नावे चढते. दुसऱ्याने रक्कम थोडी घटते, पण खाते मिटते.