कुळाची झडती

जून २०२३ च्या अखेरीस वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने व्याघ्रक्षेत्रांना ‘रेड अलर्ट’ धाडला. ताडोबासोबत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची नावे त्यात होती. शिकाऱ्यांच्या टोळ्या फिरताहेत, सावध राहा, इथवर ठीक. पण पुढे भटक्या लोकांची नियमित तपासणी करा, तंबू, देवळे, रेल्वे स्थानके, बसस्थानके, ओसाड इमारती धुंडाळा, असेही फर्मान होते. आता महाशिवरात्रीच्या जत्रेत गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी जी पाले पडतात, त्यांतले एकही या यादीतून सुटत नाही. मणी-माळा विकणारी बाईही नाही आणि झाडपाल्याचे औषध देणारा म्हाताराही नाही. जन्मतःच कपाळी सोळा वर्षांचे आयुष्य लिहून आलेल्या पोराने यमाला परतवले, ती कथा ज्या देवळाची, तिथे माणसाचा जन्मच संशयाला पुरेसा ठरावा!

शिकार खोटी नव्हती. त्याच सुमारास गुवाहाटीत वाघाचे कातडे पकडले गेले, धागा गडचिरोलीपर्यंत आला आणि जुलैत इथे बावरिया या भटक्या समाजातल्या काही जणांना अटक झाली. ज्यांनी वाघ मारला त्यांना शिक्षा व्हावी, त्यात दयामाया नको. मात्र अटक झाली की गावातल्या पानठेल्यापासून वनखात्याच्या कचेरीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते : ‘यांच्या रक्तातच आहे.’

हे वाक्य जुने आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुतारकी, विणकाम जसे जातीने चालते तशी चोरीही चालत असणार, असा त्यामागचा तर्क. १९११ मध्ये हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. हजेरी, परवाना, बोटांचे ठसे, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, हे सारे मूल जन्माला येण्याआधीच त्याच्यासाठी तयार असे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी सुनावली गेली होती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निर्दोष असल्याचे सांगून सोडले. सोळा वर्षे गेली ती गेलीच.

आता ‘रक्त’ म्हणायला लाज वाटणारे ‘जीन्स’ म्हणतात. विज्ञान काय सांगते ते तरी पाहावे. १९९३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हान ब्रुनर यांना एका डच कुटुंबातल्या आक्रमक पुरुषांत ‘एमएओए’ नावाच्या जनुकात बिघाड आढळला. तो इतका दुर्मीळ की त्यावरून जमातीचे सोडाच, शेजारच्या घराचेही काही सांगता येत नाही. याच जनुकाचे जे मंद रूप ‘योद्धा जनुक’ म्हणून गाजले, ते युरोपीय वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत असते. त्यातले बहुतेक जण सरळ नोकरी करतात आणि कर भरतात. २००९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या न्यायालयाने या जनुकाकडे पाहून एका खुन्याची शिक्षा वर्षाने कमी केली. तिकडे जनुक आरोपीच्या वकिलाच्या हाती पडले. आपल्याकडे ते पडणार आहे हवालदाराच्या हाती.

आणि जन्मावरूनच पहारा बसवायचा, तर भारतातल्या तुरुंगांत शंभरातले सुमारे ९६ कैदी पुरुष आहेत. वाय गुणसूत्राइतका ठळक जैविक पुरावा दुसरा कुठला? मग जत्रेतल्या तमाम पुरुषांना रांगेत उभे करायला हवे, बंदोबस्तावरच्या साहेबांसकट.

चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ मरण्याची आणखी एक रीत आहे. रानडुकरांपासून धान वाचवायला कुंपणाच्या तारेत करंट सोडतात आणि त्यात वाघ सापडतो. तोही गुन्हाच, पण त्या शेतकऱ्याची जात कुणी विचारत नाही, विचारूही नये. त्याने असे का केले, हे आपल्याला लगेच समजते : पीक, कर्ज, वनखात्याची अपुरी भरपाई. पालात राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र समजून घेण्याची गरजच उरत नाही. शिकारीवर बंदी आली, जमीन नाही, रेशनकार्ड नाही, पोराच्या शाळेसाठी दाखला नाही, ही कारणे ‘रक्ता’खाली झाकली जातात. सोयीचे असते ते. त्यात सरकारला काहीच करावे लागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. ब्युरोच्या पुढच्या अलर्टचा मसुदा करणाऱ्याने तो निकाल टेबलावर ठेवावा. त्यात आधीच्या गुन्ह्यांतले फरारी, कातड्याचे गिऱ्हाईक, माल नेणारी वाहने, पैशाची देवघेव, यांची नावनिशी लिहावी. २०२३ मध्येही तपास पुढे सरकला तो गुवाहाटीत पकडलेल्या मालामुळे. नदीकाठची पाले उचकटून नव्हे.