शर्विलकाचे फांसे

टेबलाभोंवतीं बसून, गोष्टींतील पात्रांचीं सोंगें घेऊन फांशांनीं खेळावयाचे खेळ आतां कॉलेजांतील मुलांमुळें आपल्याकडेहि परिचित होऊं लागले आहेत. ‘सायबरपंक २०२०’ हा त्यांतलाच १९९० सालचा अमेरिकन खेळ. त्यांत ‘नेटरनर’ नांवाचें पात्र दुसऱ्याच्या संगणकांत शिरतें. वाटेंत भिंती, पहारेकरी, सांपळे. दहा अंकी फांसा टाकावयाचा, आंकडा पुरेसा पडला कीं भिंत फुटली! जानव्यानें माप घेऊन, भोंक कोणत्या आकाराचें शोभेल याचा विचार करीत घर फोडणारा ‘मृच्छकटिकां’तील शर्विलक, त्याच कुळांतला हा गृहस्थ. चोर कलावंत असल्यावांचून खेळाला रंग भरत नाहीं, हें खरेंच.

असल्याच एका नियमपुस्तकानें सरकारासहि घाबरविलें होतें. १ मार्च १९९० रोजीं अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनें टेक्सासमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीवर छापा घालून ‘गर्प्स सायबरपंक’चा मजकूर उचलून नेला; अंमलदारांस तें गुन्ह्याचेंच पाठ्यपुस्तक वाटलें! १९९३ सालीं कोर्टाचा निकाल कंपनीच्या बाजूनें लागला.

खरा प्रकार फार निराळा असतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेंतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं सुमारें ९४ कोटि रुपये गेले. एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या हिशेबापर्यंत पोंचूंच न देतां मध्येंच तीस मंजुरी देणारी खोटी यंत्रणा चोरांनीं आधींच बसविली होती. मग २८ देशांत बनावट कार्डें घेऊन माणसें एटीएमांपुढें उभीं राहिलीं. त्यांतलीं कांहीं आपल्या कोल्हापुरांतहि. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस शिक्षा दिली. खेळांत जें एका फेंकींत होतें, त्यासाठीं येथें आधीं गुपचुप तयारी लागली आणि मागाहून भाडोत्री हात. नांदेडकरांस तर जानेवारी २०२१ चें स्मरण असेलच: शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यांतून १४ कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळविली गेली.

पण नांदेड-लातुराकडील एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या पेन्शनीस धोका आहे तो यांहूनहि साध्या चोराचा. तो भिंत फोडीत नाहीं. टेलिफोन करतो, ‘बँकेंतून बोलतों’ म्हणतो. नेटरनरास जो आंकडा फांशावर मिळवावा लागतो, तो येथें आजोबा चष्मा लावून स्वतः वाचून दाखवितात.

तेव्हां येत्या सुटींत मुलांनीं एक डाव निराळा मांडावा. चोरास फांसा द्यावयाचा नाहीं, फक्त टेलिफोन. आणि खातेदार म्हणून आजीबाईंना बसवावें. पैसे गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर वर्दी कोण देतो, हेंहि त्याच डावांत पाहून घ्यावें.