थरांमधला सांधा कोण तपासतो?

नेदरलँड्समध्ये आइंडहोवन विमानतळावर बांधून होत आलेली पार्किंगची बहुमजली इमारत २७ मे २०१७ रोजी संध्याकाळी अर्धवट कोसळली. जीवितहानी झाली नाही. चौकशीत बोट ठेवले गेले ते कारखान्यात ओतलेले काँक्रीट आणि त्यावर साइटवर ओतलेले काँक्रीट यांच्या सांध्यावर.

या स्लॅबची रचना समजून घेण्यासारखी आहे. खाली पातळ प्रीकास्ट पाट्या, वजन कमी करायला मध्ये प्लास्टिकचे पोकळ गोळे आणि वर साइटवरचे काँक्रीट. दोन पाट्या जिथे भिडतात तिथे पाटीतली खालची सळई संपते. तिचा ताण पुढच्या पाटीत न्यायला जोडसळया असतात, पण त्या पाटीच्या वर, नव्या थरात. म्हणजे सगळा ताण दोन थरांच्या सांध्यातूनच जायचा. इथे पाट्या अशा दिशेने मांडल्या होत्या की पाट्यांमधल्या फटी नेमक्या जास्त बेंडिंग मोमेंटच्या जागी आल्या. त्यात सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीटमुळे पाटीचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला. त्या दिवशीच्या उन्हाने वरचा मजला तापला, ताण आणखी वाढला आणि थर सुटले.

आपल्याकडे हा सांधा रोज तयार होतो. आरएमसीची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, स्लॅब अर्ध्यावर थांबतो, कॉलमचे जॅकेटिंग निघते, जुन्या गच्चीवर नवा थर पडतो. उपाय म्हणून सर्रास सिमेंटची स्लरी ओतली जाते. पण जुन्या काँक्रीटवर आलेली कमकुवत सिमेंटची साय काढली नसेल, तर स्लरी त्या सायीलाच चिकटते. काँक्रीट पडण्याआधी स्लरी वाळली, तर ती स्वतःच दोन थरांमधला अडसर होते. आमचे मत स्पष्ट आहे: सफाईला स्लरी हा पर्याय नाही.

आयएस ४५६:२००० मध्ये हे लिहिलेलेच आहे. इनिशियल सेट होताच तारेच्या ब्रशने साय काढा, पृष्ठभाग खडबडीत ठेवा, आणि नवे काँक्रीट टाकताना तो आतून पाण्याने भरलेला पण वरून कोरडा असू द्या. पाणी साचले तर सांध्यातच वॉटर-सिमेंट रेशो वाढतो. आतूनही कोरडा ठेवला तर जुना थर नव्याचे पाणी शोषतो. शटरिंगला लागून गुळगुळीत झालेल्या भागावर हाय प्रेशर वॉटर जेटने खडी उघडी करावी. ब्रेकर जोरात चालवला तर खालच्या काँक्रीटला बारीक तडे जातात आणि पुढे सांधा तिथूनच सुटतो.

आइंडहोवनच्याच तंत्रविद्यापीठात काँक्रीटच्या थ्रीडी प्रिंटिंगवर मोठे काम झाले आहे. तिथल्या चाचण्यांतही दोन थरांमध्ये वेळ गेला आणि उघडा थर सुकला की पकड घटली. विदर्भात मे महिन्यात स्लॅब भरणाऱ्यांना यावर जास्त सांगायला नको. काम थांबले की कडेवर लगेच ओले गोणपाट टाका.

ही तयारी बहुतेक साइटवर बिगाऱ्यावर सोडलेली असते. सळई मोजायला इंजिनिअर येतो, सांध्याकडे कोणी वाकून पाहत नाही. वाचकांना विनंती आहे: पुढच्या पोअर कार्डावर सांध्याच्या पृष्ठभागासाठी वेगळा रकाना घाला, आणि तिथे सही करण्याआधी इंजिनिअरने पृष्ठभागावरून हात फिरवून पाहावा.