अकिलिसची टाच होमरला ठाऊक नव्हती

रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेवर एका विद्वान गृहस्थांनी अलीकडेच झोड उठवली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : या पुस्तकांनी ग्रीक पुराणांची मोडतोड केली, भाषा उथळ आहे, देवांना अमेरिकेत नेऊन बसवणं हा उद्दामपणा आहे, आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला देवपुत्र ठरवणं ही फसवी समजूत आहे. मुलांना द्यायचं तर मूळ द्या, नाहीतर काहीच देऊ नका.

हे ‘मूळ’ त्यांनी कुठे पाहिलं, ते त्यांनी सांगावं. त्यांचा सर्वांत मोठा राग अकिलिसवरून आहे. मालिकेच्या पाचव्या पुस्तकात पर्सी स्टिक्स नदीत उतरतो, त्याचं सगळं शरीर अभेद्य होतं आणि मर्मस्थान उरतं ते पाठीच्या खालच्या भागात. ‘टाच कुठे गेली?’ असं ते विचारतात. टाच होमरकडे नव्हतीच. ‘इलियड’मधला अकिलिस अभेद्य नाही. एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टेरोपायोसचा भाला त्याच्या हाताला चाटून जातो आणि रक्त निघतं. आईने त्याला स्टिक्समध्ये बुडवलं, ही गोष्ट आपल्याला सविस्तर भेटते ती स्टेटियस या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे होमरनंतर सात-आठशे वर्षांनी, आणि तीही लॅटिनमध्ये. ज्या टाचेसाठी हे गृहस्थ रायर्डन यांच्यावर खटला भरतात, ती टाचच उशिरा आलेली आहे.

मेडूसाचंही तेच. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यात ती जन्मतःच गॉर्गन, तीन बहिणींतली एकटी मर्त्य. देवळात अत्याचार झालेली सुंदर तरुणी आणि शिक्षा म्हणून केसांचे झालेले साप, हे रोमन कवी ओव्हिडचं. रायर्डन यांनी तिला न्यू जर्सीच्या रस्त्यालगत बागेतल्या पुतळ्यांचं दुकान टाकून दिलं. तिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो, मग तिने तेच दगड विकायला ठेवले तर त्यात पुराणाला धक्का कुठे बसला? आणि ईडिपस? ‘ओडिसी’त सत्य कळल्यावरही तो थीब्जवर राज्य करत राहतो. डोळे फोडून घेतलेला ईडिपस आज जगाला माहीत आहे, तो सोफोक्लीसमुळे. ग्रीक पुराणातल्या मीडियाची मुलं काही जुन्या कथांत कोरिंथच्या लोकांनी मारली होती. आईच्या हातून त्यांना मरताना युरिपिडीसने इ.स.पू. 431मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर दाखवलं आणि त्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेत तो तिघांत तिसरा आला. परीक्षकांना काय खटकलं ते कळायला मार्ग नाही. पण आज मीडिया म्हटलं की युरिपिडीसचीच मीडिया आठवते. ग्रीकांनी आपली पुराणं कुलुपात ठेवली नाहीत. दर वर्षीच्या उत्सवात कवींनी जुनीच गोष्ट नव्याने सांगायची आणि लोकांनी ती पारखायची, हीच तिथली रीत होती.

हा वाद आपल्याकडे कितीदा झाला! पौराणिक कादंबरी आली की ‘हे व्यासांत नाही’ असं म्हणणारे पुढे सरसावतात. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, तरीही घराघरात ती ओढलेली आहे, आणि तिला कोणी भेसळ म्हणत नाही. भर जुनी झाली की ती परंपरा आणि ताजी असली की विटंबना, हा न्याय मला मान्य नाही.

अथीना कुमारी देवी, मग मालिकेतली अ‍ॅनाबेथ तिची मुलगी कशी, हा आक्षेप तर पुस्तक न वाचता घेतलेला दिसतो. अथीना झ्यूसच्या मस्तकातून जन्मली, तशी तिची मुलं तिच्या विचारातून जन्मतात, असा खुलासा मालिकेतच आहे. भाषेबद्दल एवढंच सांगतो : शाळकरी मुलगा गोष्ट सांगतोय, तो शाळकरी मुलासारखाच बोलणार.

अमेरिकेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पाश्चात्त्य संस्कृतीची ज्योत जिथे प्रखर तिथे देव मुक्काम हलवतात, म्हणून ऑलिंपस आता एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर, ही कल्पना मलाही आत्मगौरवाची वाटते. पण व्हर्जिलने ट्रॉयचा वारसा रोमच्या पदरात घातला, तेव्हा त्यानेही हेच केलं होतं.

आता डिस्लेक्सियाचा मुद्दा. सॅन अँटोनिओतले शाळामास्तर रायर्डन आपल्या मुलाला रात्री ग्रीक पुराणं सांगत. त्या मुलाला डिस्लेक्सिया होता, एडीएचडी होता, वाचन म्हणजे त्याला शिक्षा वाटे. पुराणं संपली तेव्हा त्याने आणखी मागितलं आणि वडिलांनी पर्सी रचला. अक्षरं डोळ्यांपुढे तरंगतात, कारण मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे, असं तिथे पर्सीला सांगितलं जातं. हे वैद्यकशास्त्र नाही, कोणी तसा दावाही केलेला नाही. वर्गात मान खाली घालून बसणाऱ्या मुलाला वडिलांनी गोष्टीत नायकाची जागा दिली. यात फसवणूक पाहायला फार कोरडं मन लागतं.

मला ही मालिका मोलाची वाटते ती मात्र आणखी एका कारणासाठी. हेसिओडच्या देवकथेचा कणा म्हणजे बाप आणि मुलं. युरेनस मुलांना पृथ्वीच्या पोटात कोंडतो, क्रोनोस आपली मुलं गिळतो, झ्यूस बापाला पदच्युत करतो. रायर्डन यांनी नेमकी हीच नस पकडली. त्यांच्या गोष्टीतल्या देवपुत्रांच्या छावणीत हर्मीसच्या खोलीत मुलं जमिनीवर दाटीवाटीने झोपतात, कारण त्यांच्या दैवी आईबापांनी त्यांना आपलं म्हटलेलंच नाही. छावणीतला ल्यूक याच रागातून क्रोनोसला मिळतो, आणि त्याचा राग खोटा आहे असं लेखक कुठेही म्हणत नाही.

2009च्या पाचव्या पुस्तकात देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. ओडिसियसनेही कॅलिप्सोने देऊ केलेलं अमरत्व नाकारलं होतं, घरी पेनेलोपीकडे जाण्यासाठी. पर्सीही ते नाकारतो आणि बदल्यात एक मागणं मागतो : तेरा वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक मुलाला त्याच्या देवाने आपलं म्हणून जाहीर करावं, किरकोळ मानलेल्या देवांच्या मुलांनाही. होमरमध्ये हे नाही. ही भर मला हवी आहे.