स्कायडायव्हिंगच्या साहित्याची चोरटी नक्कल विकत घेऊ नका

स्कायडायव्हिंग आणि पॅराग्लायडिंग करणाऱ्या मंडळींना, क्लबच्या चालकांना आणि साहित्य खरेदीचा निर्णय ज्यांच्या हाती असतो त्या सर्वांना हे जाहीर आवाहन आहे. उतरण्याच्या मैदानासाठी वाऱ्याची दिशा दाखवणारी साधने घ्यायची ठरली की दोन प्रकारचे दर समोर येतात. एक दर ज्याने ते साधन घडवले त्या उत्पादकाचा. दुसरा दर ‘सेम टू सेम, फक्त नाव नाही’ असे सांगणाऱ्याचा, आणि तो बराच कमी असतो. खरेदीच्या बैठकीत कुणी कुरकुर केलीच, तर उत्तरे तयार असतात. कापडाचा तुकडा आणि एक काठी, त्यात कसले आले पेटंट? अमेरिकेतले पेटंट इथे कुठे चालते? आणि आपण काय कारखाना काढून माल विकणार आहोत का? ही उत्तरे तपासून पाहण्यासाठी हे पत्रक काढले आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवावे हे बरे. जी रचना सर्वांची आहे ती बेलाशक गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्या. ज्या रचनेवर कुणाचे चालू पेटंट आहे, तिची परवान्याशिवाय केलेली नक्कल मात्र, कायद्याचा हात तुमच्यापर्यंत पोचत नसला तरी, विकत घेऊ नका.

हे साधन एवढे मोलाचे का, ते आधी पाहू. आजची हवेने फुगणारी चौकोनी छत्री म्हणजे कापडाचा पंखच असतो आणि तो हवेतून सतत पुढे जात राहतो. समजा, त्याचा हवेतला वेग ताशी ३५ किलोमीटर आहे आणि वारा ताशी १५ किलोमीटरचा आहे. वाऱ्याकडे तोंड करून उतरणाऱ्याचा जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो २०. वारा पाठीशी घेऊन उतरणाऱ्याचा तोच वेग होतो ५०. वेग अडीचपट झाला की आदळण्याची ऊर्जा सहापटींहून जास्त होते. शेवटच्या क्षणी ब्रेक ओढून दोघेही वेग कमी करतील, पण दोघांमधला ताशी ३० किलोमीटरचा फरक तसाच राहील. त्यात एकाच वेळी सात-आठ जण उतरत असतील आणि वाऱ्याबद्दल त्यांचा अंदाज वेगवेगळा असेल, तर ते मैदानावर समोरासमोर येतात. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमांत उडीपूर्वी वरच्या आणि जमिनीवरच्या वाऱ्याचा अंदाज घेणे बंधनकारक आहे, आणि चौकोनी छत्री वापरणाऱ्या शिकाऊंसाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, इतकी ठरवलेली आहे. वाऱ्याची दिशा चटकन आणि चूक न होता दाखवणारी वस्तू हाडे मोडण्यापासून वाचवते. ती सुधारण्यासाठी कुणी डोके चालवले असेल, तर त्याने फुटकळ काम केले असे म्हणता येत नाही.

आता यातले सर्वांचे काय आहे? बरेच काही आहे, आणि नक्कल विकणारे नेमके हेच तुम्हाला सांगत नाहीत. विमानतळावर दिसणारा विंडसॉक कुणाच्याही मालकीचा नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौदाव्या परिशिष्टात त्याची मापेच छापलेली आहेत: टोक कापलेल्या शंकूचा आकार, लांबी किमान ३.६ मीटर, मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर, निदान ३०० मीटर उंचीवरून ओळखू येईल असा रंग, आणि दोन रंग वापरायचे असतील तर पाच पट्टे, त्यांतला पहिला व शेवटचा गडद. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या निकषानुसार विंडसॉकने ३ नॉट वाऱ्यातही खरी दिशा ५ अंशांच्या फरकात दाखवली पाहिजे आणि १५ नॉटला तो पूर्ण ताणला गेला पाहिजे. ही मापे घेऊन कुणीही शिवणकाम करावे, परवानगीचा प्रश्नच येत नाही. विमानातून खाली सोडून वाऱ्याचा ओढा मोजण्यासाठी वापरायची क्रेप कागदाची सुमारे २० फूट लांब पट्टी, खाली वजनाची तार लावलेली, हीदेखील जुनी आणि सर्वांची. हलक्या नायलॉनची लांब रिबीन बांबूला बांधून मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभी करा. मंद झुळुकीतही ती फडफडेल. कामशेतसारख्या ठिकाणी पॅराग्लायडर उडवणाऱ्यांना ही रिबीन नवी नाही.

मग पेटंटचा प्रश्न येतो कुठे? विंडसॉकची मूळ कल्पना विमानाच्या वैमानिकासाठी आहे. छत्रीखाली लटकलेल्या माणसाला शेवटच्या काही शे फुटांत, मान फार न वळवता, मंद आणि दिशा बदलणाऱ्या वाऱ्याची खबर हवी असते. जाड कापडाचा शंकू अशा वाऱ्यात लोंबकळत राहतो. आसावर फिरणारा मोठा त्रिकोणी दर्शक तर वारा पडला की शेवटच्या दिशेला तसाच अडकून बसतो आणि खोटे बोलतो. म्हणून उंच, लवचिक दांड्यावर बसवलेली पात्यासारखी उभी कापडे आली. ती आपल्याभोवती सहज फिरतात, दुरून दिसतात, आणि कुणी धडकलेच तर वाकतात. अशा एखाद्या साधनाच्या विशिष्ट रचनेवर, उदाहरणार्थ दांड्याच्या बैठकीवर किंवा कापड फिरण्याच्या पद्धतीवर, पेटंट असू शकते. त्या पेटंटने वारा कुणाच्या मालकीचा होत नाही, कापडही होत नाही. पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला सौदा आहे. तू तुझी युक्ती सगळ्यांना वाचता येईल अशी लिहून दे. त्या बदल्यात ठरावीक वर्षे ती वापरण्यापासून इतरांना अडवण्याचा हक्क तुला. मुदत संपली की ती आमची. भारतात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे.

या खेळाइतके चांगले उदाहरण या सौद्याला क्वचितच मिळेल. कॅनडात जन्मलेले आणि फ्लोरिडात पतंग व फुगे बनवणारे डोमिना जालबर्ट यांना १९६६ साली अनेक कप्प्यांच्या, हवेने फुगणाऱ्या पंखाचे अमेरिकी पेटंट मिळाले. आज जगभर ज्या चौकोनी छत्र्यांखाली लोक उतरतात आणि ज्या पॅराग्लायडरने डोंगरावरून उडतात, त्या सगळ्यांचे मूळ त्या कागदात आहे. ते पेटंट कधीच संपले. आता त्यासाठी कुणी कुणाला एक पैसा देत नाही. सत्तरच्या दशकात बिल बूथ यांनी हाताने फेकायची लहान खेचछत्री आणि मुख्य छत्री सोडण्याची तीन कड्यांची युक्ती आणली. तीन कड्या एकमेकींतून अशा ओवलेल्या असतात की माणसाच्या वजनाचा प्रचंड ताण शेवटच्या बारीक दोरीपर्यंत पोचेतो अगदी थोडा उरतो, आणि एका हिसक्यात बिघडलेली छत्री सुटते. बूथ यांनी ती परवाना देऊन इतर उत्पादकांनाही वापरू दिली, आणि मुदत संपल्यावर ती साऱ्या खेळाची झाली. आज तीन कड्यांचा हार्नेस शिवणारा कारागीर चोर नाही. या युक्त्या आपल्याला फुकट मिळाल्या, कारण त्यांच्या वेळच्या ग्राहकांनी त्यांची किंमत चुकती केली होती. आपल्या वाट्याचा हप्ता आला की तेवढा मात्र बुडवायचा, ही मला या व्यवहारातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

पहिला आक्षेप कायद्याचा, आणि तो भक्कम आहे. पेटंट हद्दीपुरते असते. अमेरिकेत घेतलेले पेटंट भारतात नोंदवलेले नसेल, तर भारतात ती वस्तू बनवणे, विकणे किंवा वापरणे हा गुन्हा तर नाहीच, हक्कभंगही नाही. हे मी मान्य करतो. उलट बाजूही माहीत असावी: पेटंट भारतात दिलेले असेल, तर १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ४८ फक्त बनवणाऱ्यालाच नव्हे, तर वापरणाऱ्याला आणि आयात करणाऱ्यालाही लागू होते, तेव्हा ‘आम्ही फक्त विकत घेतले’ ही सबब टिकत नाही. पण भारतात पेटंट नाही अशा वेळी काय? इथे कायद्याचे काम संपते आणि ग्राहकाचे सुरू होते. एखाद्या लहान संशोधकाने प्रत्येक देशात अर्ज केला नाही याचे कारण बहुधा एवढेच असते की वकील, भाषांतर आणि वार्षिक शुल्क यांचा खर्च या खेळाच्या चिमुकल्या बाजारातून निघत नाही. त्याच्या या अडचणीचा फायदा घेऊन त्याचाच माल त्याच्याशिवाय विकला जात असेल, तर त्याला कायदेशीर म्हणता येईल, सचोटीचे म्हणता येणार नाही. मोटारसायकलच्या सुट्या भागांचा ग्राहक कोटींत मोजला जातो. वाऱ्याच्या दर्शकाचा ग्राहक जगभरातली ड्रॉप झोन आणि उडीची मैदाने एवढाच आहे. दहा-वीस ऑर्डरी नकलेकडे गेल्या तरी अशा उत्पादकाचे वर्ष बुडू शकते.

दुसरा आक्षेप अधिक मनाला भिडणारा आहे, कारण तो आपल्या देशाच्या इतिहासातून येतो. स्वस्त औषधे बनवून भारताने जगभरच्या गरिबांचे प्राण वाचवले, मग आपणच पेटंटची पाठराखण का करायची? याचे उत्तर मुंबईतच लिहिलेले आहे. मुंबईत बसून पेटंट नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी बायर कंपनीच्या नेक्सावार या कर्करोगाच्या औषधावर नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये पडणारे औषध ८,८८० रुपयांना मिळण्याची सोय झाली, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. हा निर्णय मला अभिमानास्पद वाटतो. पण त्यातला एक तपशील आक्षेप घेणारे विसरतात: नॅटकोने बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन द्यायचे होते, आणि अपिलात ते ७ टक्के झाले. मरणाच्या दारातल्या रुग्णासाठी सरकारने सक्ती केली, तरीही संशोधकाचे देणे शून्य केले नाही. स्कायडायव्हिंग हा हौसेचा खेळ आहे. विमानाच्या एका फेरीच्या इंधनाला पैसे असतात आणि वाऱ्याच्या दर्शकाच्या संशोधकाला नसतात, हा दावा कर्करोगाच्या रुग्णाच्या नावावर खपवणे योग्य नाही.

मग सुरक्षेचे काय, असा तिसरा प्रश्न येतो. जीव वाचवणारी युक्ती कुणी कुलपात ठेवावी का? व्होल्वोमध्ये काम करणाऱ्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला, आणि कंपनीने ते पेटंट सर्व मोटार उत्पादकांना खुले केले. तसे सर्वांनी करावे असे मला मनापासून वाटते. पण व्होल्वोने ते दिले. कुणी परस्पर उचलले नाही. वाऱ्याचे दर्शक बनवणाऱ्यांकडेही माझी जाहीर मागणी आहे की क्लबना ना नफा तत्त्वावर स्थानिक उत्पादनाचा स्वस्त परवाना द्या, आराखडा आणि कापडाचा तपशील द्या, थोडे स्वामित्वधन घ्या. ही मागणी करण्याचा अधिकार नकलेची ऑर्डर देऊन आलेल्या क्लबला राहत नाही. आणि मूळ साधन परवडत नसेल तर सुरक्षा अडते असेही नाही. वर सांगितलेला विंडसॉक आणि चार रिबिनी नीट जागी, झाडे आणि इमारतींच्या भोवऱ्यापासून दूर लावल्या, कापड विटले की बदलले आणि बेअरिंगला वंगण दिले, तर मैदान बिनधोक चालते. खरे सांगायचे तर नक्कल घेण्यामागे बहुतेक वेळा सुरक्षा नसते, मैदान स्पर्धेच्या फोटोंसारखे दिसावे ही इच्छा असते.

‘नक्कल निकृष्ट असते म्हणून घेऊ नका’ असा प्रचार मी मुद्दामच करत नाही. तीन कड्यांच्या बाबतीत तो खरा आहे: कड्यांचे माप किंवा पट्टीची जाडी किंचित चुकली तरी शेवटच्या दोरीवरचा ताण वाढतो आणि गरगरणाऱ्या छत्रीखाली हँडल ओढले जात नाही. पण फडफडणाऱ्या कापडाची नक्कल अगदी उत्तम असू शकते. माझा आक्षेप त्या उत्तम नकलेलाही आहे.

संशोधकांनाही मोकळे सोडून चालणार नाही. पेटंट म्हणून मिरवले जाणारे सगळेच पेटंट नसते. भांडी घडवताना धरून ठेवण्याच्या एका युक्तीचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या १९७८ च्या निकालात रद्द ठरवले, कारण ती कारखान्यातली साधी सुधारणा होती, शोध नव्हता. नसलेले पेटंट असल्याचे दाखवणे कलम १२० नुसार दंडनीय आहे, आणि ‘पेटंट पेंडिंग’ एवढ्या शिक्क्यावर पेटंट मिळेपर्यंत कुणी दावा लावू शकत नाही. पेटंट क्रमांक विचारा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधसेवेत तो पाहा, मुदत संपली आहे का ते पाहा, वार्षिक शुल्क भरले आहे का ते पाहा. मुदत संपली असेल तर नक्कल ही नक्कल राहत नाही. खुशाल शिवा, चार क्लबना शिवून द्या.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. आयात, सीमाशुल्क आणि पाठवणी धरून मूळ साधन महाग पडते हे खरे आहे. पण महाराष्ट्राला सामूहिक खरेदी कुणी शिकवायची गरज नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हजारो घरांसाठी ती करत आली आहे. पाच-सहा क्लबांनी एकत्र ऑर्डर दिली तर वाहतूक वाटली जाते आणि उत्पादकाशी परवान्याची बोलणी करायला बळ येते. येत्या हंगामाची खरेदी ठरवण्याआधी प्रत्येक क्लबने विक्रेत्याकडून दोन ओळी लेखी घ्याव्यात: या रचनेवर भारतात किंवा मूळ देशात चालू पेटंट आहे का, आणि असल्यास परवाना कुणाचा. उत्तर आले नाही तर ऑर्डर देऊ नका, आणि ती का दिली नाही हे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा.